जुने नेटबुक : नवी प्रणाली आणि आपली जबाबदारी

(मोहम्मद बिन झायद सिटी, अबूधाबी येथील वार्षिक कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत आमच्या भाषणाचा विषय वाचून काहींना नवल वाटले असेल. शिक्षण, नोकरी, मुलांचे भवितव्य अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीत जुन्या नेटबुकची ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याचा विषय कोठे बसतो, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. परंतु या वस्तीतील व्हिलांमध्ये आणि पलीकडील शाबियाच्या इमारतींमध्ये असे घर विरळाच, की ज्याच्या कपाटावर एखादा बंद पडलेला किंवा बंद पडला असे समजून बाजूस ठेवलेला संगणक नाही. दर वर्षी सुटीत गावी जाताना तो बॅगेत टाकला जातो आणि पुतण्याच्या किंवा भाच्याच्या हाती दिला जातो. देणाऱ्यास समाधान वाटते, घेणाराही आनंदतो. पुढे त्या यंत्राचे काय होते, याची चौकशी मात्र आपण क्वचितच करतो. ती चौकशी करावी, एवढ्यासाठीच हा विषय आम्ही निवडला आहे.

प्रथम नेटबुक म्हणजे काय ते पाहू. आज दुकानात हा शब्द ऐकू येत नाही. तरुण मुलांना तर तो ठाऊकही नसेल. २००७ सालाच्या उत्तरार्धात आसुस कंपनीने ‘ई पीसी ७०१’ नावाचा लहानसा संगणक बाजारात आणला. त्याचा पडदा ७ इंचांचा, स्मृती ५१२ एमबी आणि साठवण अवघी ४ जीबी. पुढच्याच वर्षी एसरचा ‘अस्पायर वन’ आला, आणि पाहता पाहता सर्व मोठ्या कंपन्यांनी असे संगणक काढले. बहुतेकांचा पडदा ९ ते १० इंचांचा, स्मृती १ जीबी आणि आत इंटेल कंपनीचा ‘ॲटम’ प्रोसेसर. आकार लहान, किंमत कमी आणि वजन किलो-सव्वा किलोच्या आसपास.

या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचेही एक पान आहे. जगातील प्रत्येक गरीब मुलास स्वतःचा संगणक मिळावा, या हेतूने निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही योजना मांडली. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली ती नाकारली. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट या गावच्या लहानशा प्राथमिक शाळेत तिचा प्रयोग झाला. पहिली ते चौथीचे सर्व वर्ग एकाच शिक्षकाच्या हाती असलेल्या त्या शाळेतील मुलांच्या हातांत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे ते चिमुकले संगणक आले. त्यांत विंडोज नव्हते. लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणारी, मुलांसाठी मुद्दाम घडविलेली ‘शुगर’ नावाची व्यवस्था होती. आसुसचा पहिला ई पीसीही लिनक्सवरच चालत असे आणि एसरच्या अस्पायर वनचे पहिले नगही लिनक्ससह मिळत. म्हणजे लहान संगणकावर लिनक्स बसविणे ही आज कोणी काढलेली नवी टूम नाही; हे यंत्र जन्मले तेच मुळी त्या प्रणालीसह.

पुढे चित्र पालटले. या लहान संगणकांची विक्री वाढताच मायक्रोसॉफ्टने २००१ सालच्या जुन्या ‘विंडोज एक्सपी’ची मुदत खास त्यांच्यासाठी वाढविली. २००९ मध्ये ‘विंडोज ७’ आले, तेव्हा नेटबुकसाठी त्याची ‘स्टार्टर’ ही सर्वांत खालची आवृत्ती देण्यात आली. तीत पडद्यामागील चित्रसुद्धा बदलण्याची सोय नव्हती. ग्राहकाने पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर आपल्या मुलाचे छायाचित्र लावता येऊ नये, ही गोष्ट किरकोळ असली तरी विचार करावयास लावणारी आहे. यंत्र आपले, पण त्यात काय चालावे आणि काय चालू नये हे ठरविणारा दुसराच कोणी.

त्या दुसऱ्यानेच पुढे या यंत्रांचे आयुष्यही ठरविले. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबल्या, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी. त्या दिवशी कोणताही संगणक जळाला नाही, कोणाचा पडदा फुटला नाही. तथापि नवे ब्राउझर चालेनात, संकेतस्थळे उघडेनात, विषाणूंचे भय वाढले आणि धडधाकट यंत्र ‘जुने झाले’ म्हणून कपाटावर गेले. हीच पाळी आता पुष्कळ नव्या यंत्रांवर आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ ज्यावर रीतसर चढत नाही असे असंख्य लॅपटॉप आज आपल्या घरांत आहेत. म्हणून आज आम्ही जे सांगणार आहोत ते नेटबुकच्या निमित्ताने असले, तरी लागू मात्र त्याहून पुष्कळ यंत्रांना होते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. यंत्र हाती घेतल्यावर पहिला प्रश्न असा की आत प्रोसेसर कोणता आहे. ॲटम एन २७० किंवा एन २८० असेल तर तो ३२ बिटचा आहे. २०१० सालापासून आलेला एन ४५० आणि त्याच पिढीतील एन ४५५, एन ५५०, एन ५७० हे ६४ बिटचे आहेत. या एका फरकावर पुढचे सर्व अवलंबून आहे, कारण ३२ बिटच्या यंत्रांचे दिवस लिनक्सच्या जगातही सरत आले आहेत. डेबियन या प्रसिद्ध लिनक्स प्रणालीची जून २०२३ मध्ये आलेली १२ वी आवृत्ती अशा यंत्रांवर बसते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच दिलेला नाही. फायरफॉक्स या ब्राउझरनेही १४५ व्या आवृत्तीपासून लिनक्सवरील ३२ बिटची साथ सोडली. झेड ५२० किंवा एन २६०० या प्रोसेसरांचे यंत्र असेल तर आणखी जपून पाऊल टाकावे. त्यांतील चित्रव्यवस्था निराळ्या घडणीची असल्यामुळे लिनक्सवर पडदा नीट चालेलच असे नाही.

यंत्र ओळखल्यानंतरचे काम म्हणजे आतील सामग्री बाहेर काढणे. छायाचित्रे, पत्रे, मुलांची जुनी प्रमाणपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत, आणि ती तेथे उघडतात याची खात्री करावी. प्रणाली बदलताना संपूर्ण डिस्क निवडली की जुने सर्व पुसले जाते, कंपनीने दडवून ठेवलेला पुनर्स्थापनेचा भागसुद्धा. विंडोजकडे परतण्याची इच्छा असल्यास त्या भागाची प्रत आधीच करून ठेवावी.

त्यानंतर नव्या प्रणालीची फाईल उतरवून घ्यावी. १ जीबी स्मृतीच्या नेटबुकसाठी डेबियनवरच आधारलेली ‘अँटिएक्स’ ही हलकी प्रणाली आम्हांस सोयीची वाटते. तिची २३ वी मालिका ३२ आणि ६४ अशा दोन्ही बिटांत मिळते. ४ जीबी स्मृतीचा विंडोज १० चा लॅपटॉप असेल तर सरळ डेबियन १३ घ्यावे. फाईल अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी आणि तिच्यासोबत दिलेला ताळा जुळवून पाहावा. अर्धवट उतरलेल्या फाईलमुळे पुढे तासन् तास वाया जातात. मग रुफस किंवा एचर यांसारख्या साधनाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. नुसती कॉपी करून चालत नाही.

पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करताना कोणती कळ दाबावयाची, येथे बरेच जण अडतात. आसुसच्या ई पीसीवर ‘एस्केप’, एसरवर ‘एफ १२’ आणि एचपीच्या मिनीवर ‘एफ ९’ दाबल्यास कोठून सुरू व्हावयाचे याची यादी येते. एसरवर ही यादी बहुधा बंद असते; आधी ‘एफ २’ दाबून बायॉसमध्ये ती चालू करावी लागते. अशी जुनी यंत्रे उघडली की त्यांचे घड्याळ पुष्कळदा कित्येक वर्षे मागे गेलेले आढळते. आतील नाण्याएवढा सेल संपल्याची ती खूण. तारीख चुकीची असल्यास सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि माणूस उगाच नव्या प्रणालीस दोष देतो. सेल बदलावा; खर्च किरकोळ आहे.

अँटिएक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, डिस्कला हात न लावता. ही सोय अवश्य घ्यावी. वायफाय लागते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हे अर्धा तास पाहावे. ब्रॉडकॉमची वायफाय चिप असलेली काही यंत्रे प्रथम जाळे पकडत नाहीत. त्यांना तारेने इंटरनेट जोडून चिपचा फर्मवेअर उतरवावा लागतो. सर्व ठीक असेल तरच डिस्कवर स्थापना करावी. नेटबुकचा पडदा फक्त ६०० ओळी उंचीचा असल्याने काही खिडक्यांची खालची बटणे दिसतच नाहीत. अशा वेळी ‘ऑल्ट’ कळ दाबून धरावी आणि माऊसने खिडकी वर सरकवावी. ही लहानशी युक्ती ठाऊक नसल्याने कित्येकांचे काम शेवटच्या पायरीवर अडते.

शक्य असल्यास दोन सुधारणा कराव्यात. बहुतेक नेटबुकांत स्मृती २ जीबीपर्यंत वाढविता येते, आणि जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी अडीच इंची एसएसडी बसविता येते. बर दुबईतील खालिद बिन वलीद मार्गावरील संगणकाच्या दुकानांत जुने सुटे भागही शोधल्यास सापडतात. पंखाही साफ करावा. या प्रदेशातील बारीक वाळू त्याच्या पात्यांवर थर धरते आणि यंत्र विनाकारण तापते.

आता मराठीविषयी. आमच्या मते आपल्या कुटुंबांच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. येथे खरेदी केलेल्या संगणकांच्या कळांवर इंग्रजीसोबत अरबी अक्षरे असतात, देवनागरी नसते. येथे वाढणारी मुले घरात मराठी बोलतात, पण लिहावयाची वेळ आली की रोमन लिपीचा आधार घेतात. एक्सपीवर तर देवनागरीची सोय वेगळी चालू करावी लागे. ‘ॲप’ या शब्दातील ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. २००१ सालच्या एक्सपीला ते कोठून ठाऊक असणार? तेथे रिकामा चौकोन उमटतो. लिनक्सवर मात्र लोहित आणि नोटो यांसारखे मुक्त फाँट विनामूल्य मिळतात आणि कळफलकाच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट असतेच. या रचनेत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. आपला ‘ळ’ शिफ्टसह इंग्रजी ‘एन’वर मिळतो, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील आपला ‘ऱ’ शिफ्टसह ‘जे’वर. कळांवर चिकटविण्यास कागदाच्या पट्ट्या पुरतात. रोज पंधरा मिनिटे सराव केल्यास दहा-बारा वर्षांचे मूल महिन्याभरात आजीला देवनागरीत पत्र लिहू लागेल, असा आमचा विश्वास आहे.

ज्या ३२ बिटच्या नेटबुकला इंटरनेट पेलत नाही, त्याला इंटरनेटशिवायच कामास लावावे, असे आम्ही आग्रहाने सांगू. त्यावर लिब्रे ऑफिसमध्ये मराठी लेखन उत्तम होते. ‘किविक्स’ या साधनाने १ मे २००३ पासून वाढत आलेला मराठी विकिपीडिया एकदाच उतरवून जाळ्याविना वाचता येतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड पीडीएफ रूपात त्यावर सहज मावतात. ज्या मुलाने एका जागी बसून वाचावे आणि लिहावे असे आपल्याला वाटते, त्याच्यापुढे खेळ आणि चलच्चित्रे न पेलणारे यंत्र असणे ही फार मोठी उणीव नव्हे.

तथापि मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. १ जीबीच्या नेटबुकवर व्हिडिओ-तास घेता येणार नाहीत आणि आजची अवजड संकेतस्थळे सुखाने उघडणार नाहीत. बँकेचे व्यवहार तर ज्याच्या ब्राउझरला दुरुस्त्या मिळणे थांबले आहे अशा यंत्रावर करूच नयेत. गावाकडे आणखी एक अडचण येते. महाराष्ट्रात २००१ पासून चालत आलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची तयारी करणाऱ्या मुलाला विंडोजचा सराव लागतो. लिनक्स हाती देऊन त्याची गैरसोय करणे शहाणपणाचे होणार नाही. मात्र ‘शाळेत हे कोठेच चालत नाही’ हा आक्षेप खरा नाही. आपल्या शेजारी राहणाऱ्या मल्याळी कुटुंबांना विचारा. केरळच्या शाळांत २००१ साली ‘आयटी ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला आणि तेथील विद्यार्थी वर्षानुवर्षे लिनक्सवर संगणक शिकून परीक्षा देत आले आहेत.

शेवटी आम्ही भेटीच्या प्रश्नाकडे येतो. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मृतमांस आणि दुसऱ्याने टाकलेले तुकडे सोडण्यास सांगितले. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या शब्दासाठी उपास काढले, पण टाकलेले घेतले नाही. त्यांची नातवंडे असलेल्या आपण गावातील गरजू विद्यार्थ्यास काय देत आहोत, हे एकदा तपासावे. न उघडणारे, फुगलेल्या बॅटरीचे, दुसऱ्याच कोणाच्या नावाने सुरू होणारे यंत्र ‘घे, तुला होईल’ म्हणून हातावर ठेवणे म्हणजे तोच टाकलेला तुकडा पुढे सरकविणे होय. घेणारा संकोचाने काही बोलत नाही. तो गावातील दुकानात जातो, तेथे परवान्याविना विंडोज बसविले जाते, थोड्याच दिवसांत विषाणू शिरतो आणि यंत्र कोपऱ्यात पडते. मुलाचा समज होतो की संगणक हे प्रकरण आपल्याला जमणारे नाही. ही हानी यंत्राच्या किमतीत मोजता येत नाही.

म्हणून आमची विनंती अशी की जे यंत्र आपण आपल्या स्वतःच्या मुलाच्या टेबलावर वर्षभर ठेवू शकू, तेच भेट द्यावे. देण्यापूर्वी डिस्क शून्यांनी पूर्ण भरून पुसावी. १६० जीबीच्या डिस्कला तास-दीड तास लागतो. आपल्या यंत्रांवर पासपोर्टच्या, एमिरेट्स आयडीच्या, भाडेकराराच्या प्रती असतात; केवळ ‘डिलीट’ केल्याने त्या जात नाहीत. मग नवी प्रणाली बसवून तीत मराठी सुरू करून द्यावे. येथील तीन चपट्या पिनांचा प्लग भारतात बसत नाही, यास्तव भारतीय पिनांची वायर सोबत द्यावी; विजेचा दाब दोन्हीकडे सारखाच आहे. बॅटरी तपासावी. उन्हाळ्यात बंद मोटारीत राहिलेल्या बॅटऱ्या फुगतात; अशी बॅटरी विमानात नेऊ नये आणि कोणास देऊही नये. सुटी बॅटरी हातातील बॅगेतच न्यावी लागते. भारतात उतरणाऱ्या अठरा वर्षांवरील प्रवाशास एक लॅपटॉप जकातीशिवाय नेता येतो, हेही ध्यानात ठेवावे. आणि यंत्रासोबत सोप्या मराठीत एक पान लिहून द्यावे : सुरू कसे करावे, परवलीचा शब्द कसा बदलावा, अडल्यास कोणास दूरध्वनी करावा. तो दूरध्वनी उचलणे हा भेटीचाच भाग आहे.

जे यंत्र या कसोटीस उतरत नाही त्याचा मोह सोडावा. त्याचे चांगले भाग दुसऱ्या यंत्रासाठी काढून घ्यावेत आणि उरलेले घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्याच्या संकलनात द्यावे.

बंधू-भगिनींनो, यातील कोणतेही काम अभियंत्याचे नाही. पेनड्राइव्ह, एक सुटीचा दिवस आणि थोडा धीर, एवढ्यावर ते होते. आपल्या मंडळातील जाणत्या तरुणांनी महिन्यातील एक शनिवार यासाठी ठेवावा, ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनी ते घेऊन यावे, आणि दहा वर्षांवरील मुलांना हे काम बघावयास नव्हे, करावयास बसवावे. ज्या मुलीने स्वतःच्या हातांनी एका संगणकाची प्रणाली बदलली, तिला यंत्राचा कारभार कोणाच्या हाती असावा हे पुन्हा समजावून सांगावे लागणार नाही. पुढच्या सुटीत गावच्या अभ्यासिकेत जाणारे यंत्र तिनेच तयार केलेले असावे, आणि सोबतचे मराठी पानही तिच्याच हातचे असावे, एवढी अपेक्षा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.